आई म्हणते 'मिशू आला होता', म्हणजे नाव घरात पोचलं का?

भांडीवाला_बार्शी

नमस्कार मंडळी. प्रश्न माझा नाही, पोराचा आहे. तो पुण्यात बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजनं प्रोजेक्ट दिलंय: ऑनलाइन विकणाऱ्या एका कंपनीचं नाव घ्या आणि ते घराघरांत पोचलंय का ते शोधा. दिवाळीत घरी आला तेव्हा म्हणाला, "पप्पा, मी मीशो घेतलंय." म्हटलं, घे की, तेवढंच राहिलं होतं. आमचं भांड्यांचं दुकान, आजोबांपासूनचं. भांडीवाल्याच्या पोरानं मीशोवर प्रोजेक्ट करायचं म्हणजे कोंबडीनं मुंगसाच्या बारशाला जायचं.

जेवताना वाद झाला. माझं म्हणणं असं की नाव माहीत असणं वेगळं आणि पोचणं वेगळं. टीव्हीवर दहा वेळा दाखवलं की कुणालाही माहीत होतं. पोचलेलं नाव कसं असतं ते माझ्या काउंटरवर या, दाखवतो. बाई येते आणि म्हणते, "हिंडालियमची कढई दाखवा." हिंडालियम हे एका कंपनीनं ठेवलेलं नाव आहे हे तिला ठाऊक नसतं. तिच्या लेखी तांबं, पितळ, तसंच हिंडालियम. धातूच तो. कंपनी त्या कढईत पार विरघळून गेलीय. मीशोचं असं झालंय का? नाही झालं. मी जिंकलो होतो जवळजवळ.

तेवढ्यात आई बोलली. आईचं वय ७९, तिला मोबाइल फक्त उचलता येतो. म्हणाली, "अरे हो, दुपारी मिशू आला होता. कसला तरी नंबर मागत होता. मी म्हटलं, मला नाही रे त्यातलं कळत. उद्या येतो म्हणाला." आम्ही गप्प. मग तिनंच पुढं जोडलं, "गुणी पोरगं आहे. उन्हातान्हाचं फिरतं. परवा पाणी दिलं त्याला."

तिला वाटतं मिशू हे त्या पार्सल आणणाऱ्या पोराचं नाव आहे! सुनेनं दोनदा "मीशो आलाय का बघा" म्हटलं असेल, त्यावरून धरलं तिनं. पोरगा हसून हसून लोळला. "बघा पप्पा, अजून किती पोचायचं?" मी म्हटलं, ती त्या पोराला ओळखते, कंपनीला नाही. तो म्हणाला, हिंडालियमवाल्या बाईतरी कुठं कंपनीला ओळखतात?

इथं माझी बोलती बंद झाली. तेव्हापासून डोक्यात तेच.

दुकानातलं अजून एक सांगतो. दिवसातून चारदा तरी कुणीतरी मोबाइल पुढं धरतं. "हाच डबा मीशोवर दोनशे एकोणीसला आहे." गेल्या आठवड्यात एका ताईंनी असाच मोबाइल धरला. बघतो तर वर फ्लिपकार्ट लिहिलेलं. म्हटलं, ताई, हे मीशो नाही. तर म्हणाल्या, "तेच ते, मीशोच." म्हणजे त्यांच्या तोंडी सगळंच मीशो. पण त्यांचे मिस्टर मागं उभे होते, ते म्हणाले, "ऑनलाइनला स्वस्त पडतं." आमच्याकडे पुरुष माणूस ऑनलाइन म्हणतो आणि बायका मीशो म्हणतात, असं माझं निरीक्षण. चुकीचं असेल तर सांगा.

तर तुमच्या घरात काय बोलतात? गाव सांगा, आणि शक्यतो घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाच्या तोंडचा शब्द सांगा. पोराला तेवढाच मसाला. जाहिरातीतलं नको, बोलण्यातलं पाहिजे.

---

निवृत्त_मास्तर (निफाड)

भांडीवाले, तुम्ही हरलात असं मला वाटत नाही, पण जिंकलाही नाहीत.

तीस वर्षं मराठी शिकवलं, म्हणून माझी कसोटी व्याकरणाची. लोक म्हणतात, नावाला प्रत्यय लागला की ते आपलं झालं. चूक. प्रत्यय कशालाही लागतो. न्यूयॉर्कला, अ‍ॅमेझॉनवर, मीशोचा. खरी परीक्षा सामान्यरूपाची. 'डालडा' घ्या. आपण 'डालडात तळलं' म्हणत नाही, 'डालड्यात तळलं' म्हणतो. 'डालड्याचा डबा'. म्हणजे घोडा–घोड्याचा, तसा डालडा–डालड्याचा. मराठीनं त्याला आतून वाकवलं. लूनाचंही तसंच: 'लुनेवरून आला'. शाळा–शाळेवरून, लूना–लुनेवरून. आणि 'दोन झेरॉक्सा काढून आण' म्हणताना अनेकवचनसुद्धा आपलंच. नाव पोचलं असं मी तेव्हा म्हणतो.

डालड्याची गंमत अशी की तो जन्मतःच कुणाच्याच भाषेतला नव्हता. डाडा नावाची डच कंपनी हे वनस्पती तूप इथं आणत असे. लिव्हरवाल्यांनी त्या नावात आपला 'ल' खुपसला आणि १९३७ साली डालडा बाजारात आणला. आमच्या वाड्यात पुढं चाळीस वर्षं रिकाम्या डालड्याच्या डब्यांत तुळशी होत्या. तूप संपलं, डबा राहिला, डब्यावरचं नाव राहिलं.

आता मीशो. ओकारान्त नाव, त्याला मराठी कुठं वाकवणार? आणि लिंग कुठलं? तो मीशो, ती मीशो की ते मीशो? लूना ती, डालडा तो, बिसलेरी ती. माझ्या सुनेला विचारलं तर म्हणाली, "मीशो बंद पडलंय." नातीला विचारलं, ती म्हणाली, "मीशो बंद पडलीये." घरात एकमत नाही. ज्याचं लिंग ठरलं नाही ते नाव अजून ओसरीवर आहे, माजघरात आलेलं नाही.

तुमच्या आईंनी मात्र प्रश्नच सोडवला. मिशू. पुल्लिंगी, एकवचनी, 'मिशूनं', 'मिशूला'. व्याकरणदृष्ट्या निर्दोष.

एक पुरवणी. कंपन्यांना नाव इतकं पोचलेलं नकोच असतं. झेरॉक्स हे नाव आता सगळ्यांचंच झालं, म्हणून त्याची नोंदणी रद्द करा, असा अर्ज आपल्याकडे झाला होता. बौद्धिक संपदा अपील मंडळानं २०१२ साली तो फेटाळला. कागदोपत्री झेरॉक्स अजून त्या कंपनीचंच. तहसील कचेरीबाहेरच्या टपऱ्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

---

पार्सल_४१३५ (लातूर)

मी त्या मिशूंपैकीच एक. कंपनीचं नाव सांगत नाही, हबवर लोक हे वाचतात.

आजीला माझा नमस्कार सांगा. पाणी विचारणारी दहा घरात एक असते.

दारात गेल्यावर आम्ही काय म्हणतो ते सांगतो. "पार्सल!" एवढंच. दाढीवाला असो की पोरगेला, सगळे पार्सलवाले. फोन केला की पुढून पहिला प्रश्न येतो, "कुठलं? मीशोचं का फ्लिपकार्टचं?" हे त्यांना नावाचं कौतुक आहे म्हणून नाही. सीओडी किती काढून ठेवायची त्याचा अंदाज घ्यायचा असतो. मीशो म्हटलं की दोन-तीनशे. फ्लिपकार्ट म्हटलं की घरात विचारावं लागतं, मोबाइल-बिबाइल असू शकतो. नाव म्हणजे रकमेचा अंदाज, बस.

बायकामाणसं मीशो म्हणतात हे बरोबर, पण हळू आवाजात म्हणतात. "शेजारच्या काकूंकडे ठेवा, पार्सल म्हणून ओरडू नका" असं रोज एखाद्या घरातून येतं. सासू ओट्यावर बसलेली असते. मग मी ओरडतो, "काकू, झेरॉक्स आणल्यात!" आणि काकू बरोबर बाहेर येतात. मास्तर, हा झेरॉक्सा तुमच्यासाठी.

आणि एक गोष्ट बघा. पाकिटावर विकणाऱ्याचा पत्ता छापलेला असतो. कपड्यांच्या पाकिटांवर सुरत तर रोजचीच. माल त्या सुरतेच्या माणसाचा, पिशवी त्यानं भरली, चिकटपट्टी त्यानं लावली. त्याचं नाव मी एकाही गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकलेलं नाही. चांगलं निघालं तर मीशोचं चांगलं, वाईट निघालं तर माझं वाईट. "काय हो, असलं आणता?" म्हणून मलाच ऐकवतात. नाव पोचलंय का नाही माहीत नाही, पण खऱ्या विकणाऱ्याचं नाव पुसलं गेलंय हे नक्की.

---

इचलची_साडीवाली

पार्सलदादा, काकू-झेरॉक्स वाचून हसले. आमच्या गल्लीतसुद्धा असंच.

भांडीवाले दादा, तुमच्या मुलाला सांगा की मीशोचं नाव घरात आधी अ‍ॅपनं नेलं नाही, आम्ही नेलं. मी इचलकरंजीची. मालक लूमवर. २०१८ ला धाकटा बालवाडीत जायला लागला आणि मी सुरू केलं. तेव्हा मीशो म्हणजे गिऱ्हाइकानं अ‍ॅप उघडून वस्तू घ्यायची असं नव्हतंच. 'मेरी शॉप'वरून मीशो, आमची आमची दुकानं. कंपनी २०१५ ची, आयआयटीत शिकलेल्या दोन पोरांनी काढलेली. आम्ही फोटो उचलायचे, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकायचे, वर आपले पन्नास-साठ चढवायचे. पार्सल थेट गिऱ्हाइकाच्या घरी. माझा ग्रुप होता एकशेचाळीस बायकांचा. भिशीच्या बायका, माहेरच्या, पाळणाघरात भेटलेल्या.

त्यातल्या निम्म्या जणींकडे तेव्हा साधं मेमरी कार्ड भरलेलं, अ‍ॅप घ्यायला जागा नाही. त्यांना मीशो म्हणजे मी. रस्त्यात हाक मारायच्या, "ओ मीशोवाली, ती मोरपंखी आली का?" माझं नाव माहीत नसलेल्या बायका आहेत अजून. साडी खराब लागली की माझ्या दारात. कॉटन सांगून भलतंच आलं की मी तोंड लपवायचे. एकदा स्वतःच्या पदरचे साडेतीनशे दिले आणि ती साडी मीच नेसले, दोन वर्षं.

मग स्वस्त नेट आणि चांगले फोन सगळीकडे झाले. बायका स्वतः बघायला लागल्या. खरं सांगू का, अर्ध्या जणींना अ‍ॅप मीच घालून दिलं. "कसं करायचं ते दाखव ना" म्हणाल्या, दाखवलं. मग माझ्या पन्नास रुपयांची गरज काय राहिली? २०२२ पासून मी पूर्ण बंद केलं, आता फॉल-पिको करते. मशीन दारातच आहे, बोर्ड पण लावलाय 'फॉल-पिको, ब्लाउज'.

पण गल्लीत मी मीशोवालीच. परवा पोस्टमन पत्ता विचारत होता तर शेजारीण म्हणाली, "मीशोवालीच्या घराच्या पुढचं." मास्तर, हे सामान्यरूप झालं की नाही?

---

निवृत्त_मास्तर (निफाड)

ताई, 'वाली' लागलं म्हणजे ते नाव धंद्याचं झालं. भाजीवाली, बोहारीण, मीशोवाली. मी माझा निकाल मागे घेतो. ओसरीवरून निदान उंबऱ्यापर्यंत आलं म्हणू.

---

घोडबंदर_रोड

ठाण्याहून. आमच्याकडे कुणी मीशो म्हणत नाही, ब्लिंकिट म्हणतात, आणि तेही कोथिंबीर विसरली की. आमच्या सोसायटीत अ‍ॅमेझॉन पण मागवायची वस्तू कमी आणि खोका जास्त: "एक अ‍ॅमेझॉनचा खोका आहे का, पुस्तकं भरायचीत."

पण माझा मुद्दा वेगळा. पोचलेलं नाव निघूनही जातं. बाझी डॉट कॉम कुणाला आठवतं? आपल्याच मुंबईचं. २००४ ला ईबेनं पाच कोटी डॉलरच्या आसपास घेतलं, आणि नाव गेलं. पुढं इथली ईबे पण गेली. मग फ्लिपकार्ट. २००७ ला पुस्तकं विकत निघालेले दोन बन्सल, ते भाऊ नाहीत हे सांगता सांगता आमची पिढी म्हातारी झाली. २०१० ला त्यांनी घरी आल्यावर पैसे द्यायची सोय केली, तेव्हा माझे वडील पहिल्यांदा म्हणाले, "हे बरं आहे, माल बघून पैसे." त्या दिवशी आमच्या घरात फ्लिपकार्ट पोचलं. नावामुळे नाही, पैसे हातात ठेवायला मिळाले म्हणून. ६ ऑक्टोबर २०१४ च्या त्या पहिल्या मोठ्या सेलला मी ऑफिसात सकाळी आठला बसलो होतो, साइट बसली, मी उठलो. आज माझी मुलगी फ्लिपकार्टला 'बाबांचं अ‍ॅप' म्हणते.

आणि मराठीचं म्हणाल तर नाव घरात शिरल्यावर कितीतरी वर्षांनी भाषा आली. अ‍ॅमेझॉन इथं २०१३ ला सुरू झालं. मराठीसाठी मनसेनं २०२० मध्ये गोंधळ घातला आणि अ‍ॅमेझॉनवर मराठी दिसलं २०२१ ला. तोवर आमची आई 'ॲड टू कार्ट' बोटाच्या जागेवरून ओळखायला शिकली होती. आता मराठी करून दिलं तर म्हणते, "पहिल्यासारखं करून दे, मला सापडत नाही."

---

एल्बेकाठी

हॅम्बुर्गहून लिहितेय, विषयाला थोडा फाटा आहे, चालवून घ्या.

इथं ओटो नावाची कंपनी आहे, आमच्याच शहराची. १९४९ ला सुरू झाली. १९५० ला पहिला कॅटलॉग काढला: तीनशे प्रती, हातानं बांधलेल्या, आत अठ्ठावीस जोड बूट. पुढं तो कॅटलॉग जाडजूड होत गेला आणि अख्ख्या जर्मनीच्या घरात वर्षातून दोनदा येऊन पडायचा. माझी घरमालकीण ८४ वर्षांची. ती सांगते की लहान मुलं जेवायच्या टेबलाला पुरावीत म्हणून खुर्चीवर ओटोचा कॅटलॉग ठेवायचे. छापील कॅटलॉग २०१८ च्या शेवटाला बंद झाला. ओटो आता ऑनलाइनच आहे. ती मात्र तिथून काही घेत नाही. "मला उशी चढवून देणारा ओटो पाहिजे" म्हणते.

म्हणून मला वाटतं नाव पोचायला वस्तू लागते. डालड्याचा डबा, ओटोचं बाड, अ‍ॅमेझॉनचा खोका. मीशोचं घरात काय उरतं? ती पातळ प्लास्टिकची पिशवी लगेच कचऱ्यात जाते ना?

---

इचलची_साडीवाली

कचऱ्यात कुठली! पावसाळ्यात सायकलच्या सीटला घालतात.

---

भांडीवाला_बार्शी

सगळ्यांचे आभार. पोराला लिंक पाठवली, तो म्हणतो मास्तरांचं सामान्यरूप सरांना कळणार नाही पण घालतो. पार्सलदादा, आईला तुमचा नमस्कार सांगितला. ती म्हणाली, "मिशूला इंटरनेट पण येतं?"

वस्तूवरून मला माझंच एक आठवलं. आमच्या दुकानात भांड्यांवर नाव घालून देतो. वडिलांच्या काळी टोचा-हातोडीनं ठिपक्याठिपक्यांचं घालायचे, आता विजेचं मशीन आहे, खर्रर्र करून दोन मिनिटांत होतं. आमच्याकडून भांडं घेतलं की नाव फुकट. लग्नाच्या सीझनला रुखवताच्या भांड्यांवर दिवसभर तेच चालतं: 'चि. सौ. कां. अमुक हिस आत्याकडून सप्रेम'. बार्शीच्या निम्म्या स्वयंपाकघरांत माझं अक्षर आहे. नाव माझं नाही, अक्षर माझं.

दिवाळीनंतर एक आजोबा आले. पिशवीत बारा स्टीलचे पेले, ऑनलाइन आलेले, खोक्यासकट. म्हणाले, "नाव घालून द्या." पत्नीचं वर्षश्राद्ध होतं, ब्राह्मण-सवाष्णींना द्यायचे होते. 'कै. सौ.' आणि पुढं नाव, तारीख. मुलानं पुण्याहून मागवले होते. आता सांगा, घ्यायचं की नाही? माल दुसऱ्याचा, वरकमाई नाही, आणि पेला इतका पातळ की मशीन टेकवलं की थरथरतो. आतून लाकडी ठोकळा घालून धरला तेव्हा कुठं अक्षर बसलं. बारा पेल्यांना पाऊण तास गेला. पैसे घेतले नाहीत. घ्यावंसं वाटलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी आणखी दोघं आले, तिसऱ्या दिवशी एक बाई अख्खा डबा-सेट घेऊन. म्हणून मी दर ठरवला, अक्षराला तीन रुपये, काना-मात्रा फुकट, जोडाक्षर एकच धरायचं. आणि पेंटरला बोलावलं बोर्ड रंगवायला. तो म्हणाला, "शेठ, सरळ लिहू का: मीशो-अ‍ॅमेझॉनच्या भांड्यांवर नाव घालून मिळेल?" पोरगा फोनवर होता, ओरडला, तसलं लिहू नका, दुसऱ्याचा ट्रेडमार्क आहे. माझीही इच्छा नव्हती. माझ्या आजोबांच्या दुकानावर दुसऱ्याचं नाव, तेही मी पैसे देऊन रंगवायचं? ऑनलाइन लिहायचं तर पेंटर म्हणाला तुमच्याकडच्या बायकांना पटकन लागणार नाही. शेवटी लिहिलं, 'बाहेरून घेतलेल्या भांड्यांवर नाव घालून मिळेल. अक्षरास ३ रु.'

बोर्ड वाळायच्या आत एक मावशी थांबल्या. वैरागकडच्या असाव्यात, हातात एसटीची पिशवी. बोर्ड सावकाश वाचला. मग मला विचारलं, "बाहेरून म्हंजी मीशोच्या का वो?"

म्हटलं, हो मावशी, मीशोच्या.